बोटीवरचं पाणी कुणी संपवलं

सदा, तुझ्या मिनूनं माझ्याकडे एक मजेशीर आठवण मागितली आहे.

पुढच्या शुक्रवारी तुला जाऊन महिना होईल. आपल्या मंडळींनी हॉल घेतलाय. बारा-चौदा पानांची पुस्तिका काढायचं ठरलंय आणि जवळच्या प्रत्येकानं तुझ्याबद्दल थोडं लिहायचं आहे. मिनूचा मेसेज आला, "विलासकाका, तुम्ही ती बोटीची स्टोरी लिहा ना, पाणी संपवल्याची. बाबांची सगळ्यात फनी स्टोरी तीच आहे." खाली एक हसणारा चेहरा आणि एक रडणारा.

चार दिवस मी या कागदापाशी बसतोय आणि उठतोय. एसी बंद करतो, दोन मिनिटांनी पुन्हा लावतो. चहा करतो आणि तो तसाच राहतो. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो की दोन गल्ल्या सोडून तुझी बिल्डिंग दिसते, तिच्या गच्चीवरच्या पांढऱ्या टाक्या दिसतात, की परत आत. बहारीनच्या माहूज भागातल्या या दोन खोल्यांत चार दिवसांत मी जेवढा चाललो असेन, तेवढा डॉक्टरनं सांगूनही कधी चाललो नव्हतो.

ती गोष्ट लिहायला काय लागतं? आपल्या लोकांत ती कुणाला माहीत नाही? सुट्टीत कॅरिबियनला शिडाच्या बोटीवर राहायला गेलेला सदा, त्यानं नळ उघडा ठेवला आणि नाताळच्या आदल्या दिवशी बोटीवरचं सगळं गोडं पाणी समुद्रात सोडून दिलं. गणपतीच्या पंगतीत पाण्याचा जग तुझ्याकडे आला की कुणीतरी म्हणणारच, "त्याच्या हातात देऊ नका रे." तुला पोचवून बाहेर उभे होतो तेव्हासुद्धा एकजण म्हणाला, "आता वरची टाकी बघा म्हणावं." सगळे हसले, डोळे पुसत हसले. मीही हसलो.

तिथून घरी आल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

म्हणून ती गोष्ट आधी तुलाच सांगतो. तू तिथे होतास, पण तुला ती पूर्ण माहीत नाही.

सुरुवात तुझ्यामुळेच झाली. कॅप्टन म्हणजे तेव्हा इथल्या एका बँकेतला गोरा साहेब, कॅप्टन हे नुसतं शुक्रवारपुरतं नाव. त्याच्या व्हिलाचा एसी दुरुस्त करायला तू गेलास, आणि व्हरांड्यात पडलेल्या दोरीची गाठ तुला बघवली नाही म्हणून ती सोडून पुन्हा मारून आलास. पुढच्या शुक्रवारी तू त्याच्या छोट्या शिडाच्या बोटीवर होतास. देवगडकडच्या खाडीत आजोबांच्या होडीवर वाढलेला पोरगा हॉटेलच्या एसीमागे वीस वर्षं पिचला आणि आठवड्यातून एक दिवस पुन्हा माणसात यायला लागला. वाळू उडवणारा शमाल वारा सुटला की इतर लोक गाड्यांच्या काचा वर करायचे, तू माझ्या दाराशी यायचास.

"चल रे विल्या, यल्ला. वजन कमी पडतंय."

माझं काम तेवढंच, वजन. बोट एका बाजूला कलली की मी दुसऱ्या बाजूला सरकायचं. सोलापूरचा माणूस, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. बायको मुलाच्या शाळेसाठी गावी परतलेली. आठवडाभर सीफ भागातल्या ऑफिसात बसायचं, कुठे यंत्र बिघडलं की ते का बिघडलं याचे रिपोर्ट लिहायचे, आणि शुक्रवारी तुझं वजन व्हायचं. दुपारी तुझ्या घरी वहिनींच्या हातचं बांगड्याचं तिखलं. माझा आठवडा त्या एका दिवसाला टांगलेला होता हे मी तुला कधी बोललो नाही. असं कोण बोलतं?

मग कॅप्टन रिटायर झाला. कॅरिबियनमध्ये त्यानं चाळीस फुटी शिडाची बोट घेतली आणि तिच्यावरच राहायला लागला. दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. नाताळच्या सुट्टीत ये, बरोबर तुझं ते वजनही आण. शेवटी एक ओळ होती, ती तू मला गाडीत वाचून दाखवलीस आणि पुन्हा स्वतःशी वाचलीस. माझं वय झालंय, मला वर्षातले सहा महिने बोटीवर कायमचा माणूस हवाय, दहा दिवस बघू, जमलं तर तू राहा.

तुझ्या वहीत राजीनामा लिहून तयार होता. वहिनींची तयारी होती. "माणूस एकदा तरी हसऱ्या तोंडाने कामाला जाऊ दे," असं त्या मला म्हणाल्या होत्या. मिनू तेव्हा तेरा वर्षांची. तिनं त्या बेटांचा नकाशा छापून फ्रिजवर लावला होता.

बहारीन, लंडन, बार्बाडोस, तिथून पंख्याचं छोटं विमान. विमानतळावर अर्ध्या चड्डीतला कॅप्टन. आणि मग ती बोट.

तिथल्या पहिल्या दिवसांचं मी लिहू शकतो, सदा. तिथपर्यंत माझा हात चालतो. तू बोटीवर पाय ठेवण्याआधी कॅप्टनची परवानगी घेऊन नारळ अर्पण केलास, आणि तो म्हातारा टोपी काढून उभा राहिला. त्या महिन्यात तिथे वारा दिवसरात्र थांबत नाही. नांगरावर असतानाही बोट सारखी मान हलवत असते, आणि झोपेतसुद्धा दोऱ्या डोलकाठीवर टकटक करतात. शेजारच्या बोटींनी डोलकाठ्यांवर दिव्यांच्या माळा सोडलेल्या. संध्याकाळी रबरी होड्यांतून लोक नाताळची गाणी म्हणत बोटीबोटीवरून फिरायचे. तू खिशातून तिरफळं काढलीस आणि तिथल्या कोळ्याकडून घेतलेल्या लाल माशाचं कालवण केलंस. तिथलाच नारळ, घरून आणलेलं कोकमाचं आगळ, सोलकढी झाली. कॅप्टननं ती दारूच्या ग्लासात घेतली आणि शेजारच्या बोटीवर दाखवायला घेऊन गेला. तू सुकाणूवर बसलास की कॅप्टन खाली जाऊन झोपायचा. म्हणायचा, दोन वर्षांत मला दुपारची झोप लागली ती आत्ता.

तुझी नेमणूक झाल्यातच जमा होती.

आणि पाण्याचा नियम. पहिल्याच दिवशी कॅप्टननं तर्जनी उगारून सांगितलं होतं. टाकीत आहे ते पाणी दहा दिवसांचं. पाण्याची होडी सुट्टीत येत नाही, धक्काही बंद. भांडी समुद्राच्या पाण्यात धुवायची, मग गोड्या पाण्याचा एक मग. आंघोळ समुद्रात, नंतर बोटीच्या मागच्या बाजूला हाताचा शॉवर होता, त्याखाली मोजून एक मिनिट. त्या शॉवरला पाणी यायचं पंपानं, आणि पंपाचं बटण खाली केबिनमध्ये. वापर झाला की कॅप्टन ते बटण बंद करायचा.

तू माझी काय टर उडवायचास. मला सकाळी तांब्याभर तरी पाणी अंगावर घेतल्याशिवाय दिवस सुरू करता येत नाही, हे तुझ्या दृष्टीनं मोठं थोतांड. "मेल्या, तुझो जल्म नळाखाली गेलो," म्हणायचास. तुमच्या घरी विहीर. जेवढं लागेल तेवढं ओढायचं, कळशी भरली की दोर गुंडाळून ठेवायचा. आमच्याकडे नळ, आणि नळाला पाणी चार दिवसांनी. ते कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून आमच्या घरी नळ उघडाच ठेवायचा, खाली पत्र्याची बादली. पाणी आलं की बादली वाजते आणि आई ओरडते, नळ आले. कोरडा नळ बंद करायचा असतो, हे माझ्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

एवढं वाचून तुला कळलं असेल. तरी सांगतो. नऊ वर्षं सांगितलं नाही, आता अर्ध्यावर थांबत नाही.

नाताळच्या आदल्या दिवसाची सकाळ. आपण दोघं पोहून आलो. तू आधी वर चढलास, शॉवर घेतलास, नळ बंद केलास, पुन्हा एकदा पिळून बघितलास आणि नळी खुंटीला अडकवलीस. मी खाली शिडीला धरून पाण्यात होतो, मला समोर दिसत होतं. कॅप्टननं खालचं बटण बंद केलं. तू बेटावर जायला रबरी होडी सोडायला गेलास, माझ्याकडे तुझी पाठ. मी वर आलो. अंगाला मीठ चावत होतं. मी शॉवर हातात घेतला, नळ उघडला. पाणी नाही. उलटा फिरवला, सुलटा फिरवला, हलवून बघितला. पाणी गेलेलं दिसतंय, असं म्हणून सोडून दिला. उघडाच. नळी बोटीच्या कडेवरून बाहेर लोंबत राहिली. तेवढ्यात तुझी हाक आली, पाव गरम आहेत तोवर जाऊ या. मी टॉवेल गुंडाळून होडीत उतरलो.

आपण गेल्यावर कॅप्टननं चहासाठी पंपाचं बटण लावलं. बॅटऱ्या भरायला इंजिनही सुरू केलं आणि पुस्तक घेऊन खाली आडवा झाला. इंजिनाच्या आवाजात पंपाचा आवाज कुठला ऐकू येतोय. पाणी समुद्रावर पडत राहिलं. खाली बादली नव्हती, सदा. वाजायला काही नव्हतं.

दोन तासांनी आपण परत आलो तेव्हा कॅप्टन मागच्या बाजूला उभा होता, हातात ती नळी. टाकी कोरडी. त्यानं आवाज चढवला नाही. शॉवर शेवटी कुणी वापरला, एवढंच विचारलं.

मी पावाची गरम पिशवी छातीशी धरून होतो. तू एकदा त्या नळीकडे बघितलंस, एकदा स्वतःच्या हाताकडे. आणि म्हणालास, मीच असणार. सॉरी, कॅप्टन.

त्या क्षणी मी घाबरलो होतो, हे खरं आहे. चाळिशी ओलांडलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा घाबरला. पण ती भीती चहा होईस्तोवरही टिकली नसती. टिकलं ते दुसरं काही, त्याच्याकडे येतो.

सगळा दिवस आपण कॅन घेऊन बोटीबोटीवर पाणी मागत फिरलो. सणाचा दिवस, प्रत्येकाकडे मोजकं पाणी. कुणी पाच लिटर दिलं, कुणी दोन. कॅप्टन होडीतून उतरत नव्हता, त्याला मान वर करून बोलायची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी तू सुकाणूवर आणि कॅप्टन नुसता प्रवासी, असं पलीकडच्या बेटापर्यंत जायचं ठरलं होतं. तीच तुझी परीक्षा. ती रद्द झाली.

संध्याकाळी आपण दोघं बोटीच्या पुढच्या टोकाला बसलो होतो. तू माझ्याकडे न बघता विचारलंस,

"मी नळ बंद केल्लंय मा, विल्या? तू बघलंस?"

मी म्हणालो, "लक्ष नव्हतं रे."

"माका आठवणा नाय," म्हणालास. "माका वाटता केल्लंय. पण आठवणा नाय."

या दोन-तीन वाक्यांभोवती मी नऊ वर्षं फिरतोय. ऑफिसात मी रिपोर्टमध्ये ‘माणसाची चूक’ असं लिहून कधी थांबत नाही. का झाली, ते लपवलं का, लपवलं तर कशासाठी, हे विचारत खाली खाली जायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. स्वतःच्या बाबतीत मात्र मी पहिल्या ओळीला थांबलो.

तर आज खाली उतरतो. कॅप्टननं लगेच निर्णय दिला नव्हता. त्यानंतर सहा दिवस होतो आपण त्या बोटीवर. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. कॅप्टन मला चार शब्द बोलला असता, मी काय, वजन. तुझं काही बिघडलं नसतं. रोज सकाळी मी ते वाक्य इंग्रजीत जुळवत होतो आणि रोज गिळत होतो. कारण दुसऱ्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं की हा इथे राहिला, तर मी शुक्रवारी कुठे जाऊ? सहा महिने हा इथे, वहिनी आणि मिनू गावी, आणि माहूजमध्ये मी एकटा. असं स्पष्ट शब्दांत आलं. नळ उघडा राहिला ती चूक. पुढचे सहा दिवस मी जे केलं ती चूक नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी कॅप्टन तुला म्हणाला, आणि तो चांगला माणूस होता, त्याला बोलताना त्रास होत होता, "तू पहाऱ्यावर असशील तेव्हा मला झोप लागायला हवी, सदा. आता लागणार नाही."

तू त्याचा हात हातात घेतलास आणि म्हणालास, बरोबर आहे तुझं.

परतीच्या विमानात तू खिडकीशी बसून होतास. मला वाटलं आता घरी गेल्यावर हा मोडेल. पण वहिनींनी दार उघडलं आणि तू चपला काढता काढताच सांगायला सुरुवात केलीस. कॅप्टनची अख्खी टाकी मी दर्यात रिकामी केली, साहेब ऐन नाताळात दारोदार पाणी मागत फिरला, असं काय काय. मिनू हसून हसून खाली बसली. त्या दिवशी तूच ती गोष्ट मजेची केलीस. पुढे तिला तिखटमीठ मी लावलं. कॅप्टन कॅन घेऊन कसा वाकून चालायचा त्याची नक्कल मी करायचो. ती नक्कल तू बसल्या जागेवरून बघायचास आणि हसायचास.

फ्रिजवरचा नकाशा कधी निघाला ते मला आठवत नाही. शिडाच्या बोटीवर तू पुन्हा पाय ठेवला नाहीस, एवढं आठवतं. इथल्या क्लबात कुणी बोलावलं तर म्हणायचास, मफी टाइम, वेळ नाही.

आणि मला माझे शुक्रवार मिळाले. नऊ वर्षांचे. मी टायफॉइडनं पडलो तेव्हा वहिनींची पेज घेऊन तू रोज दोन वेळा जिना चढलास, लिफ्ट बंद होती. माझे वडील गेले तेव्हा विमानतळावर माझा पासपोर्ट आणि फाइल तुझ्या हातात होती. माझ्या मुलानं बारावीनंतर घरात बोलणं टाकलं होतं, त्याला तू व्हिडिओ कॉलवर गाठी मारायला शिकवत बसलास आणि तो बोलायला लागला. हे सगळं मी घेतलं, सदा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, इतक्या चांगल्या दिवशी कशाला.

मी स्वतःला एक समजूत घातली होती, तीही सांगतो. मला वाटायचं तुला माहीत आहे. विहिरीच्या घरचा माणूस नळ उघडा ठेवत नाही, हे तुला कळत नसेल? संध्याकाळी तू मला जे विचारलंस ते विचारणं नव्हतंच, मला बोलायला दिलेली जागा होती. मी बोललो नाही, आणि तू मोठ्या मनानं ते स्वतःवर घेतलंस आणि वर त्याची गंमत केलीस. असं मी धरून चाललो. तुझ्या या मोठेपणावर मी नऊ वर्षं आरामात झोपलो.

आपलं शेवटचं भांडणही लिहितो. तू जाण्याआधीचा दुसरा शुक्रवार. झल्लाकला पाण्याच्या कडेला गाडी लावून आपण शेंगदाणे खात होतो. हॉटेलनं तिसऱ्यांदा तुला मेंटेनन्सचा मुख्य करायचं म्हटलं आणि तिसऱ्यांदा तू नाही म्हणालास, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी चिडलो. तुझ्या हाताखाली शिकलेली पोरं तुझ्या डोक्यावर बसतात, तुला लाज वाटत नाही का, म्हणालो. तू म्हणालास, "असांदे." मी म्हणालो, तुला पुढे जायचंच नसतं, तू घाबरट आहेस. घाबरट हा शब्द मी वापरला. तू शेंगदाण्यांची सालं फुंकून उडवलीस आणि पुन्हा म्हणालास, "असांदे रे." परत येताना गाडीत आपण बोललो नाही. मी दार जरा जोरात लावलं.

इथपर्यंत लिहून झालं आणि काल दुपारी मी तुझ्या घरी गेलो. मिनूला मराठी वाचायला वेळ लागतो, ती म्हणाली, काका, तुम्हीच वाचून दाखवा. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी, माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसून मी वाचलं. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. नारळ अर्पण केल्याचं आलं तेव्हा मिनू हसली. सोलकढीला हसली. मग मी कोरड्या नळाशी आलो. माझा आवाज माझाच मला परका लागत होता, पण थांबलो नाही. लक्ष नव्हतं रे, ते वाचलं. शुक्रवारचं वाचलं. तुला सगळं माहीत असणार, हेही वाचलं. घाबरट वाचलं. कागद खाली ठेवला.

मग वहिनी म्हणाल्या, "म्हणून ते लिफ्टपासून परत यायचे."

मला कळलं नाही. मिनूकडे बघितलं.

"एव्हरी टाइम, काका," ती म्हणाली. "आम्ही खाली कारमध्ये, अँड बाबा परत वर. किचन, बाथरूम, परत किचन. टॅप्स चेक करायला. मी त्यांच्यावर ओरडायची."

नऊ वर्षं आठवड्यातून एक दिवस मी त्या घरात होतो, मी हे कधी पाहिलं नाही. माझ्यासमोर तू कुठे बाहेर निघायचास? मी आलो की तू घरीच, आणि बाहेर जायचं असलं तर मी आधीच खाली गाडीत.

वहिनी हात पुसत समोर येऊन बसल्या. दोनदा तू डॉक्टरकडे जाऊन आला होतास. स्मरणशक्ती तपासायला. डॉक्टर म्हणाला सगळं व्यवस्थित आहे. तू त्याला जे सांगितलंस ते वहिनींना पाठ होतं. "मी तो नळ पिळून बंद केला असं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं, आणि तो उघडा होता. मग मला जे दिसतं ते खरं कशावरून?"

"आणि भावजी," त्या म्हणाल्या, "प्रमोशन. दोनशे खोल्या आहेत, लोक तिथे झोपतात, म्हणाले. माझ्या भरवशावर कॅप्टन झोपला नसता, मग त्या लोकांनी कसं झोपायचं?"

म्हणजे तुला माहीत नव्हतं, सदा. तू मला जागा वगैरे दिली नव्हतीस. तू खरंच विचारत होतास. तुला एक साक्षीदार हवा होता, आणि तो तुझ्या शेजारी बसला होता, मिठानं खाजणारं अंग घेऊन.

मी तुझी एक नोकरी घालवली, असं समजून हा कागद लिहायला बसलो होतो. त्याची माफी मागायची तयारी करून बसलो होतो. पण मी तुझ्या डोळ्यांवरचा तुझा विश्वास काढून घेतला, आणि तो नसल्याबद्दल तुला घाबरट म्हणून आलो. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही.

मिनू उठून आत गेली. दार लावलं, आपटलं नाही. कालपासून तिचा मेसेज नाही. मी फोन उलटा ठेवतो आणि सुलटा करतो. ती रागावली असेल तर तो राग बरोबर आहे, मी तिला समजवायला जाणार नाही.

वहिनींनी कपबशा विसळल्या. नळ बंद केला. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"हे असंच छापा," त्या म्हणाल्या. "एक शब्द बदलू नका. आणि शुक्रवारी तुम्हीच उभे राहून वाचा. सगळ्यांसमोर. त्यांना हसले ते सगळे येणार आहेत."

मी हो म्हणालो.

म्हणून हे पान मिनूनं मागितलं तसं झालेलं नाही. शुक्रवारी मी उभा राहीन, माझा आवाज कापेल, मागच्या रांगेतल्या कुणाला नीट ऐकू जाणार नाही. म्हणून जे सगळ्यांत आधी, नऊ वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी, बोटीच्या पुढच्या टोकाला बसून म्हणायचं होतं, ते इथे लिहून ठेवतो. तू विचारलं होतंस, त्याचं हे उत्तर.

तू नळ बंद केला होतास, सदा. एकदा बंद केलास, आणि मग पुन्हा पिळून बघितलास. मी पाहिलं होतं.